आधी शिकवा, मग निघा

वर्धा नदीच्या काठी, मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसलेले पुलगाव हे दोन गोष्टींसाठी ओळखले जात आले आहे : एक कापडाची गिरणी आणि दुसरे सैन्यदलाचे दारूगोळा भांडार. गिरणीचा भोंगा शांत झाला. भांडार आहे, परंतु गावातील प्रत्येक शिकलेल्या मुलामुलीस सामावून घेण्याची शक्ती त्यात नाही. त्यामुळे वर्धा, देवळी, पुलगाव, आर्वी या पट्ट्यातील तरुण नागपूरच्या मिहानकडे आणि पुण्याच्या हिंजवडीकडे जातात. तेथे संगणकाच्या कामातील एक शब्द त्यांच्या तोंडी बसतो : ‘केटी’. महाविद्यालयात असताना ‘एटीकेटी’ म्हणजे राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढील वर्गात जाणे, एवढेच त्यांस ठाऊक असते. नोकरीतील ही ‘केटी’ निराळी आहे. ‘नॉलेज ट्रान्सफर’ या शब्दांचे ते लघुरूप असून एका कामगाराजवळचे ज्ञान दुसऱ्याच्या स्वाधीन करणे असा त्याचा अर्थ होतो. हे स्वाधीन करणे कोणाच्या इच्छेने व कोणत्या अटीवर होते, हे मात्र त्या लघुरूपातून कळत नाही. पुष्कळदा शिकवणाऱ्याची नोकरी त्या शिकवणीबरोबरच संपणार असते. या प्रकाराविषयी वाचकांस थोडे विस्ताराने सांगावे, असे आम्हांस वाटते.

एखादी मोठी विमा कंपनी, बँक किंवा रुग्णालय आपला संगणक विभाग स्वतः चालवण्याऐवजी बाहेरील कंपनीस कंत्राटाने देते, यास ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात. कंत्राट घेणारी कंपनी स्वस्तात काम करून देण्याचे वचन देते. कारण तिची बहुतेक माणसे भारतासारख्या देशात, तेथील पगारावर काम करतात. कंत्राटावर सह्या होतात, पण काम लगेच हलवता येत नाही. वर्षानुवर्षे चालत आलेल्या यंत्रणेच्या खाचाखोचा फक्त तेथील जुन्या माणसांना माहीत असतात. म्हणून काही आठवडे वा महिने ‘केटी’चे ठरवले जातात. पहिल्या टप्प्यात नवा माणूस जुन्याच्या मागे बसून पाहतो व टिपून घेतो. दुसऱ्या टप्प्यात जागा बदलतात : नवा माणूस काम करतो आणि जुना त्याच्या मागे बसून चुका दाखवतो. मग नव्याने शिकलेले सारे परत सांगून दाखवायचे असते. ‘यास आता काम येते’ असे जुन्याने लिहून दिले, की त्याचा शेवटचा दिवस जवळ आला असे समजावे.

कागदावर उतरवलेल्या माहितीने हे काम का भागत नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ज्यांनी गिरणीत काम केले आहे, त्यांस याचे उत्तर सांगावे लागणार नाही. साच्यावर धागा वारंवार का तुटतो, हवेत ओल किती आहे, कोणत्या पट्ट्याचा आवाज बदलला, हे मुरलेल्या कामगाराला कानाने कळते. ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. संगणकाच्या कामातही तसेच आहे. महिनाअखेरचा हिशेब सुटीच्या दिवशी आला तर कोठे अडतो, वीस वर्षांपूर्वी कोणी कोणत्या कारणासाठी एक ओळ घालून ठेवली आणि ती काढली तर काय बिघडते, हे एखाद्याच माणसाच्या डोक्यात असते. त्याने आपल्या नोकरीच्या वर्षांतून ते कमावलेले असते. कंपनी त्याला पगार देत आली हे खरे. पण पगार कामाचा होता. ते ज्ञान कोणाचे, हा प्रश्न ‘केटी’ची वेळ येईपर्यंत कोणी विचारलेलाच नसतो.

या प्रकाराची फार गाजलेली सुरुवातीची घटना १९९४ सालची आहे आणि तिचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप, म्हणजेच ‘एआयजी’, या विमा कंपनीने त्या वर्षी सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना काढण्याचे ठरवले आणि त्यांचे काम ‘सिंटेल’ या कंपनीस दिले. सिंटेल ही १९८० साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात भारतीय दांपत्याने स्थापन केलेली कंपनी. तिची मुंबई व पुणे येथे मोठी केंद्रे उभी राहिली आणि २०१८ मध्ये ‘अ‍ॅटोस’ या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. न्यू जर्सीतील त्या कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले, की भारतातून येणाऱ्या माणसांना काम शिकवा आणि मग निघा. पुढील तीस वर्षांत हाच प्रकार अनेक ठिकाणी, जवळजवळ त्याच शब्दांत, घडत राहिला.

डिस्ने कंपनीच्या फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथील सुमारे २५० कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस बोलावून घेऊन जानेवारी २०१५ अखेर नोकरी संपेल असे सांगण्यात आले. मधल्या ९० दिवसांत थांबून ‘समाधानकारक’ काम करणाऱ्यांस भरपाईच्या दहा टक्के इतकी जादा रक्कम मिळणार होती, आणि अनेकांच्या बाबतीत ‘समाधानकारक काम’ याचा अर्थ आपल्या जागी आलेल्यास तयार करणे हाच होता. फेररचनेतून नव्या जागा निर्माण झाल्या व काढलेल्यांपैकी काहींना त्यांत घेतले, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातील एडिसन या वीज कंपनीने आपले संगणकाचे काम टीसीएस व इन्फोसिस यांना दिले. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे मार्च २०१५ मध्ये त्यावर सुनावणी झाली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी आपले म्हणणे नाव न देता कळवले. भरपाई घेताना गप्प राहण्याच्या कागदावरही सही करावी लागते, हे त्याचे कारण. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने हेच केले. फेब्रुवारी २०१७ अखेर तेथील ४९ कायम कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या संपल्या आणि त्यांचे काम एचसीएलकडे गेले. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठानेही हाच मार्ग धरावा, हे आम्हांस विशेष खटकते.

कायद्याने हे कसे चालते? परदेशी तज्ज्ञास अमेरिकेत तात्पुरते काम करू देणारा ‘एच-१बी’ हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. ज्या कंपन्यांची बरीच माणसे या व्हिसावर असतात, त्यांनी ‘आम्ही अमेरिकी कर्मचाऱ्याची जागा घेत नाही’ असे लिहून द्यावे, अशी तरतूद १९९८ मध्ये झाली. परंतु त्याच कायद्यात पळवाटही ठेवली गेली : त्या परदेशी कर्मचाऱ्यास वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला, किंवा त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असली, तर हे बंधन लागू होत नाही. त्या काळी ६० हजार डॉलर ही मोठी रक्कम होती. तेव्हापासून तो आकडा बदललेला नाही. शिवाय जुन्या माणसांना काढणारी कंपनी एक आणि नवी माणसे आणणारी कंपनी दुसरी. त्यामुळे आम्ही कोणाची जागा घेतली नाही, असे दोघीही म्हणू शकतात. डिस्नेच्या माजी कर्मचाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखल केलेले दावे न्यायालयात टिकले नाहीत, ते याच चौकटीमुळे.

एक निर्णय मात्र फिरला. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या अमेरिकेच्या सरकारी वीज संस्थेने २०२० मध्ये आपले संगणकाचे काम बाहेर देण्यास सुरुवात केली होती. कर्मचारी संघटनेने आवाज उठवला, राष्ट्राध्यक्षांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या अध्यक्षांना पदावरून दूर केले आणि काढले जाणारे कर्मचारी कामावर राहिले. निवडणुकीचे वर्ष होते, हे विसरून चालणार नाही. तरीही एक गोष्ट दिसून आली : ‘याला पर्यायच नाही’ असे जे सांगितले जाते, ते दरवेळी खरे नसते.

आता दुसऱ्या खुर्चीकडे पाहू या. आपल्या वाचकांच्या घरातील मूल बहुधा त्या खुर्चीवर असते. बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. शिक्षणासाठी घेतलेले कर्ज. गावाकडे आईवडिलांच्या आशा. कंपनी सांगते, अमुक देशातील ग्राहकाकडून काम समजून घ्यायचे आहे. समोरचा माणूस सभ्यपणे शिकवतो, पण डोळ्याला डोळा देत नाही. त्याची नोकरी जाणार आहे, हे या मुलास कधी कधी तेथे गेल्यावरच कळते. ज्या एचसीएलची नावे वर आली, तिचे केंद्र आता नागपूरच्या मिहानमध्येही आहे. तेव्हा ही कोणा परक्याची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील काही लोक अशा मुलांना चोर म्हणतात. ते अन्यायाचे आहे. त्याने काही चोरलेले नाही; त्याला दिलेले काम तो करीत आहे, आणि त्याचा पगार समोरच्याच्या पगाराच्या मानाने थोडा असणे हाच तर त्या कंत्राटाचा पाया आहे. उलट, अमेरिकेतील तो पन्नाशीचा कर्मचारीही आळशी वा कालबाह्य नसतो. कालबाह्य असता तर त्याच्याकडून शिकण्यासाठी इतका खर्च कोणी केला असता? दोघांनाही एकमेकांविषयी राग धरायला लावणारी ही रचना आहे, आणि ज्यांनी निर्णय घेतला ते त्या खोलीत नसतात.

विदर्भाने या दोन्ही खुर्च्या पूर्वी अनुभवल्या आहेत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, तेव्हा तिची यंत्रे इंग्लंडमधून आली आणि तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रजाकडे होती. मुंबईच्या गिरण्यांतही सूतखात्याचे व विणकामाचे ‘मास्तर’ सुरुवातीस बहुतांशी लँकेशायरचे असत. त्यांच्या हाताखाली आपली माणसे शिकली. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली व हे शिक्षण इथेच मिळू लागले. हळूहळू त्या जागांवर भारतीय आले. पुलगावची गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, ती याच लाटेत. म्हणजे लँकेशायरच्या मास्तरांनी आपल्या उत्तराधिकाऱ्यांना, काहीसे नकळत, तयार केले होते. पुढे १९२० नंतर लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असता मुद्दाम लँकेशायरमधील डार्वेन या भागात जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले. त्या बेकारीत भारतातील परदेशी कापडावरील बहिष्काराचाही वाटा होता. तरी त्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले. आपल्या देशातील दारिद्र्य किती मोठे आहे ते गांधीजींनी त्यांना सांगितले आणि त्यांचे दुःखही ऐकून घेतले. पाच वर्षांनी ते सेवाग्रामला, म्हणजे आपल्याच वर्धा जिल्ह्यात, राहावयास आले. काम ज्यांच्याकडून गेले आणि काम ज्यांच्याकडे यावयाचे, त्यांनी समोरासमोर बसून बोलल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही. आजच्या ‘केटी’त ते दोघे आठवडेच्या आठवडे एका टेबलाशी बसतात, पण त्या विषयावर बोलण्यास त्यांना मुभा नसते.

आणि ज्या गिरण्यांनी काम मिळवले, त्यांचेही पुढे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. १९८२ च्या मुंबईतील संपात विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले ते परत आले नाही. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. पुलगावच्या गिरणीचीही तीच गत झाली.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीने या विषयास स्पष्ट स्पर्श केला आहे, म्हणून तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात आउटसोर्सिंगचा नावानिशी विचार केला आहे. काम बाहेर दिल्याने कंपनीची कामगार, पुरवठादार, ग्राहक व परिसर यांच्याविषयीची जबाबदारीची जाणीव पातळ होते आणि केवळ भागधारकांचे हित उरते, असा इशारा तेथे आहे. परंतु त्याच परिच्छेदात दुसरी बाजूही आहे : जेथे काम जाते, तेथे त्यासोबत गुंतवणूक व प्रशिक्षण गेले तर त्या लोकांचे भले होऊ शकते. गरीब देशातील तरुणास काम मिळणे हे पाप नव्हे. कोणाच्या तरी असहायतेचा फायदा घेणे हे पाप. त्याआधी, १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली होती. कामगाराच्या हाती पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण त्या पगाराच्या व कामाच्या अटी ज्या व्यक्ती, संस्था, करार आणि शासन यांच्यामुळे ठरतात, ते सारे अप्रत्यक्ष मालक होत, आणि त्यांच्यावरही न्यायाची जबाबदारी येते.

ही कल्पना पुस्तकी वाटत असेल, तर पुलगावकरांनी २० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ आठवावी. भांडाराच्या हद्दीतील सोनेगाव (आबाजी) गावाजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असता स्फोट झाला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तो माल जबलपूरजवळील खमरिया येथील आयुध निर्माणीचा होता; मैदान भांडाराचे होते; पेट्या उचलण्याचे काम कंत्राटदाराकडे होते; आणि उचलणारे हात आसपासच्या खेड्यांतील मजुरांचे होते. निर्णय, जागा, कंत्राट आणि धोका या चार गोष्टी चार ठिकाणी विखुरल्या की जबाबदार कोण, हे सांगणे किती कठीण होते, ते येथे दिसले. संगणकाच्या कंत्राटात जीव जात नाही, हा मोठाच फरक आहे. जबाबदारीची वाटणी मात्र त्याच पद्धतीने होते.

आता वारे आणखी फिरले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्यामुळे माणसांचा प्रवास कमी होईल. कामाचा होईलच असे नाही, कारण कोविडच्या साथीपासून ‘केटी’ पडद्यावरूनही उरकली जाते. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांना, म्हणजे एकूण संख्येच्या दोन टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या पायरीवरील अनुभवी माणसे अधिक होती. पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली. वीस वर्षांपूर्वी जे ‘केटी’ घेण्यासाठी खुर्ची ओढून बसले होते, त्यांपैकी काहींवर आता ती देण्याची पाळी आली आहे. घेणारा कधी कमी पगाराचा नवा मुलगा असतो, तर कधी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर हे नाव का घेतले ते सांगताना, ‘रेरुम नोवारुम’ हे १८९१ चे कामगारविषयक परिपत्रक लिहिणारे लिओ तेरावे आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा एकत्र उल्लेख केला होता.

अशा वेळी आपल्या मुलामुलींनी काय पाहावे? आमच्या मते वाईट गोष्ट शिकवणे ही नव्हे. निघताना काम नीट सोपवून जावे, ही जुनी व चांगली रीत आहे. वाईट आहे ती अट : शिकवलेस तरच भरपाई. कायद्याने किंवा करारान्वये मिळावयाची रक्कम ही झालेल्या सेवेची असते. ती शिकवणीशी बांधणे म्हणजे माणसाच्या स्वतःच्या पैशास ओलीस ठेवणे होय. शिकवणे हे वेगळे काम आहे, त्याचा मोबदला वेगळा असावा व ते नाकारण्याची मोकळीक असावी. आणि जो शिकण्यास जातो, त्याला समोरच्याचे काय होणार आहे हे आधी सांगितले गेले पाहिजे.

आपल्या देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. तिच्यानुसार, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे झाल्यास एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. शिवाय मालकाने त्याच्या शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावयाची असून ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी तरतूद आहे. मात्र हे सारे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर राहतात. तांत्रिक काम करणारा तिच्यात येऊ शकतो. कंपन्या पदांना ‘मॅनेजर’, ‘लीड’ अशी भारदस्त नावे देतात, पण व्याख्या ठरते ती प्रत्यक्ष कामावरून. म्हणून नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि आपण दररोज नेमके काय काम करतो याची नोंद जपून ठेवावी. राजीनामा ‘स्वतःहून’ लिहून देण्याचा आग्रह झाला, तर सही करण्यापूर्वी घरी व एखाद्या जाणकार वकिलास विचारावे. कारण स्वेच्छेने दिलेल्या राजीनाम्यास ही भरपाई लागू होत नाही.